शेप्याची जामीनकी

त्या शुक्रवारी राजूरच्या गॅरेजात एकाच कुऱ्हाडीला दोनदा धार लागली. सकाळी रहेमाननं लावली, ती दरसालच्या रिवाजाची. दुपारी त्याचा धाकटा भाऊ इम्तियाज तीच कुऱ्हाड ग्राइंडरवर घेऊन बसला, आणि ही धार खरी होती. नुजहतनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून दोन्ही वेळच्या ठिणग्या पाहिल्या. हात मलिद्यासाठी पोळ्या कुस्करत होते. दुसऱ्या धारेपर्यंत तिच्या लक्षात आलं की परातीत गूळही दोनदा पडला आहे.

रिवाज असा होता. मोहर यायच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज झाली की सगळं घर अंगणातल्या शेप्या आंब्याखाली जमायचं. त्याच्या कैरीला शेपूसारखा वास, म्हणून तो शेप्या. रहेमाननं खोडावर तीन घाव घालायचे. खोल नाही, पण सालीआडचं पांढरं दिसलं पाहिजे. म्हणायचं, "फळत नसशील तं तोडतो तुले." चौथ्यांदा हात वर गेला की घरच्या थोरल्या सुनेनं तो धरायचा. "नका तोडू जी. यंदा फळते तो. मी जामीन हाय." मग कुऱ्हाड खाली, मलिदा पुढे, अन् सगळे हसत घरात. एकवीस वर्षं नुजहत जामीन राहिली होती आणि शेप्यानं तिला दोनदाच तोंडघशी पाडलं होतं.

हा रिवाज आणला सासूनं, जैनबबीनं, तिच्या माहेराहून, मुकुटबनहून. तिच्या आजानं म्हणे एका वांझ आंब्याला असा धाक दिला की तो तर फळलाच, पण शेजारच्या बाभळीलाही भीतीनं दोन आंबे लागले. राजूरात ही गोष्ट खोटी म्हणणारे पुष्कळ होते. ऐकल्याशिवाय चहा संपवणारा मात्र कोणी नव्हता. अम्मी बोलायला लागली की रस्त्यावरचा कोळशाचा ट्रकसुद्धा इंजिन बंद करून उभा राही.

या घरात बोलणारे लय. सासू बोलायची, दीर बोलायचा, नणंद वणीहून फोनवर बोलायची. नवरा बोलत नसे, पण तो कोणाशीच बोलत नसे, त्यामुळे त्याचं वाईट वाटायचं कारण नव्हतं. नुजहतचं म्हणणं कोणी मोडायचं असं नाही, विचारायचंच नाही. गॅरेजची शेड कुठं घालायची, मुलाला, आमिरला, कोणत्या गावी शिकायला ठेवायचं, सगळं ठरल्यावर तिच्या कानावर आलं. सालातून एकदा मात्र तिच्या तीन वाक्यांवर कुऱ्हाड खाली यायची.

आणि यंदा ती खाली येणार नव्हती.

झालं असं की सोमवारी फांदा बोलला. शेप्याच्या रस्त्याकडच्या जाड फांद्याला इंजिन उचलायची चेनकुप्पी बांधलेली होती, रहेमानच्या अब्बाच्या काळापासून. सोमवारी तिच्यावर ट्रकचा गिअरबॉक्स लटकत असताना फांदा कुरकुरला अन् हातभर खाली आला. इम्तियाज उडी मारून बाजूला झाला. त्याची चप्पल झाली नाही. चिरलेल्या फांद्यात अंगठा जाईल एवढं भोक निघालं, आत लांबवर गेलेलं, अन् त्यातून भुसा सांडला. खाली पाहिलं तर खोडाच्या बुडाशीही तसाच भुसा, सुतारानं रात्रभर काम करून जावं तसा.

इम्तियाजनं त्याच दिवशी लाकडाच्या व्यापाऱ्याला, लखीरामला, सांगून टाकलं. शुक्रवारी चार वाजता मशीन घेऊन ये.

नुजहतनं बुधवारी कोणाला न विचारता एक फोन केला होता.

*

"रिवाज करून घेऊ आधी, मंग तोडू," मेहनाज म्हणाली. ही नणंद. वणीहून सकाळच्या बसनं आली होती, हातात मापाची पट्टी घेऊन. तिच्या पोरीचं लग्न मे महिन्यात होतं आणि इम्तियाजनं तिला शेप्याच्या फळ्यांचा दिवाण कबूल केला होता. म्हणून यंदा बहीण-भाऊ एका ताटात जेवत होते. एरवी ते एकमेकांचं नाव काढत नसत.

"तोडायचंच हाय तं धाक कोणाले देऊन राह्यली तू?" इम्तियाज म्हणाला. "कसायानं बकऱ्याले दटावल्यासारखं झालं ते."

"रिवाज म्हणजे रिवाज."

"भाईजान, तू बोल ना काही," इम्तियाज म्हणाला.

रहेमाननं झाडाकडे पाहिलं, मग भावाच्या पायाकडे. "तुह्या पायावर पडला असता," एवढंच म्हणाला.

"तेच तं सांगून राह्यलो मी. भाभी, मले झाडाचा काही राग नाई. मी लहानपणी त्याच्यावरच राहात होतो. पण पोकळ झालं ते. उद्या गिऱ्हाइकाच्या डोकशावर फांदा आला तं काय सांगशील, मी जामीन हाय म्हणून?"

टोमणा होता, पण खोटा नव्हता, म्हणून जास्त लागला. नुजहतनं परात बाजेवर ठेवली. जैनबबी बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसून सुपारी कातरत होती अन् कधी नव्हे ती गप्प होती.

तेवढ्यात फाटकाशी ऑटोतून एक म्हातारी उतरली. डोक्यावरून पांढरा पदर, काखेत मोडकी छत्री. जानेवारीत छत्री पाहून मेहनाजला हसू आलं.

"मथुराबाई आल्या," नुजहत म्हणाली. "म्या बलावलं."

सगळ्यांनी आधी नुजहतकडे पाहिलं, मग मथुराबाईकडे. मथुराबाईनं जन्माची वीस वर्षं एका संत्र्याच्या बागेत काढली होती. तिचं काम एकच, झाडाच्या पोटातल्या अळ्या काढायचं. बागवाले तिला दुरून न्यायला यायचे. ती कोणाला रामराम-सलाम न करता थेट खोडापाशी गेली, खाली बसली, भुसा चिमटीत घेऊन वास घेतला.

"ताजा हाय. आत जेवण चालू हाय त्यायचं." तिनं खोडावरून हात फिरवत नेला अन् एका ठिकाणी नखानं टकटक केलं. "अन् हे करड्या रंगाचं काय चोपडलं?"

रहेमाननं खाकरून सांगितलं, "रेडिएटर गळते तवा लावतो तो मसाला. पावसाळ्यात दोन भोकं दिसली, म्या बुजवली."

"आत चोर बसला अन् तू बाहेरून कडी घातली, भाऊ. त्याले तं बरंच झालं. ना पाखरू चोच मारन, ना कोणी हटकन."

इम्तियाज तोंड फिरवून हसला. रहेमानचे कान लाल झाले.

मथुराबाईनं छत्रीची एक काडी ओढून काढली. तिचं टोक घासून आकड्यासारखं वाकवलेलं होतं. छत्री कशाला, ते आता कळलं. काडी एका भोकात घालून पाहिली, दुसऱ्यात पाहिली, मग ती थांबली. खोडाच्या त्या बाजूला, छातीएवढ्या उंचीवर, जुन्या घावांची वळी होती. एकावर एक, काही भरून आलेले, काही ओठ उघडे टाकलेले. बहुतेक भोकं त्यांच्याच आसपास होती.

"भुंगेरा पावसाळ्यात येते," ती सावकाश म्हणाली. "एवढ्या लांब मिशा असतात त्याले. धडधाकट सालीत मादीले अंडं घालणं जड जाते. चीर पाह्यते, घाव पाह्यते. इथं तं तिच्यासाठी खोल्या काढून ठेवल्या कोणी. हे घाव कोणाचे?"

मेहनाजनं रहेमानकडे पाहिलं. रहेमाननं अम्मीकडे. नुजहतनं स्वतःच्या हातांकडे, ज्यांनी दरसाल चौथा घाव अडवला होता आणि पहिले तीन पडू दिले होते.

"तो आमचा रिवाज हाय," शेवटी मेहनाज म्हणाली. "मुकुटबनचा."

"कोणत्या मुकुटबनचा?"

"झरीजवळच्या. अम्मीचं माहेर."

"माह्यंबी माहेर तेच." मथुराबाई वळली अन् तिनं पहिल्यांदा बाजेवर नीट नजर टाकली. "काय वो जैनबबी, वळखलं नाई का? आपण एका विहिरीवर पाणी भरत होतो. आपल्या गावात झाडाले कोणी कुऱ्हाड लावे? फळत्या झाडाले दगड मारला तं माही माय जेवू देत नव्हती."

"माह्या आजानं—" जैनबबीनं सुरुवात केली.

"तुह्या आजाचं झाड कुठं होतं, माय? तो तं बांगड्यायची पेटी घेऊन गावोगाव हिंडे. मले पहिल्या बांगड्या त्यानंच भरल्या."

अडकित्ता थांबला. जैनबबीनं सुनेकडे पाहिलं, दोन्ही लेकांकडे पाहिलं, अन् पळायला वाट नाही हे बघून सुपारी तोंडात टाकली.

"नव्हता रिवाज," ती म्हणाली.

मेहनाज मटकन बाजेवर बसली.

"आयका आता, बसले तं. गॅरेज काढलं त्या सालची गोष्ट. हा रहेमान एवढा होता. तुमच्या अब्बाले ट्रक वळवाले जागा पाह्यजे होती, झाड आडवं येत होतं. डोकं फिरलं की ते कोणाचं आयकत होते? म्या पोळ्या करून राह्यली होती. ठक आवाज आला. बाहेर येईपर्यंत तीन घाव घातले होते. चौथ्याले म्या हात धरला, पिठाच्या हातानं. आता धरला तं धरला, पण सांगू काय? झाड नका तोडू, मले आवडते, असं म्हटलं असतं तं झाडाच्या आधी मले तोडलं असतं. मंग म्हटलं, आमच्या मुकुटबनात रिवाजच हाय. तीन घाव धाकाचे, चौथ्याले बायको जामीन राह्यते, अन् झाड फळते. आजाची गोष्ट तिथंच उभ्या उभ्या केली. बाभूळ मंग दुसऱ्या दिवशी सुचली."

"अन् फळलं?" इम्तियाजनं विचारलं.

"त्या साली मेलं असं फळलं की पानं दिसत नव्हती. दुसऱ्या साली अब्बानं आपल्या हातानं कुऱ्हाड आणली. चल म्हणे जैनब, रिवाज करू. मले म्हणे, तुह्या गावचे लोक हुशार. मंग कोणत्या तोंडानं सांगू बापा? झाड उभं होतं ना."

रहेमान बोटांवर काही मोजत होता. "बेचाळीस साल," तो म्हणाला. "सव्वाशे घाव."

नुजहतला आधी राग आला. सालातून एकदा तिचं म्हणून जे एक बोलणं होतं, ते उभ्या उभ्या रचलेलं निघालं. तेही बाभळीवरचा आंबाच. मग तिच्या डोळ्यांपुढे तो पिठाचा हात आला. तिनं एकवीस वर्षं जी कुऱ्हाड अडवली, ती थांबायला तयारच असायची. अम्मीनं अडवली ती खरी होती.

"मंग तं तोडायचीच गोष्ट झाली," इम्तियाज उठत म्हणाला. "फळ्या तेवढ्या चांगल्या निघाव्या."

"कायच्या फळ्या?" मथुराबाई म्हणाली. "चिरली की मोहोळासारखी भोकं दिसतीन. त्याच्या दिवाणावर नवरीनवरा बसले तं खाली दिवाण कुर्र कुर्र करन."

मेहनाजनं मापाची पट्टी हळूच गुंडाळली. थोड्या वेळानं म्हणाली, "इम्तू, एवढी घाई कायले करून राह्यला तू? भाभी काय म्हणते ते तं आयक."

असं म्हणताच सगळे नुजहतकडे वळले. विचारलं नव्हतं तोवर तिच्याकडे पुष्कळ उत्तरं होती.

"वाचते का हे झाड?" तिनं मथुराबाईला विचारलं.

"खोडाच्या आत निम्म्याच्या वर लाकूड धड हाय. तो फांदा गेला. त्याले ठेवशील तं तो बाकीच्याले नेईन. आतल्या सगळ्या अळ्या निघाल्या पाह्यजे, एक नाही सोडायची. पण भोकं वाकडी हायत, माही काडी सरळ. अन् कोणत्या भोकात अळी हाय, कोणतं रिकामं, हे पाहता पाहता आठ दिवस जातीन. मले परवा दारव्ह्याले जायचं हाय."

"इम्तियाज," नुजहत म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच जरा मोठा वाटला. "फांदा आज काढ. चेनकुप्पीबी काढ, लोखंडाचा स्टँड उभा कर, झाडाखाली कोणी काम नाही करायचं. तुह्यं म्हणणं खरं हाय. खोड मात्र राह्यते. दर शुक्रवारी मी तपासीन. पावसाच्या आत ताजा भुसा दिसला अन् मले त्याचा बंदोबस्त नाही करता आला, तं लखीरामभाऊले मीच फोन करीन. तुले कराव लागणार नाही."

"पण आठ दिवस लागतात तं अळ्या आज शोधाच्या कशा?" इम्तियाज म्हणाला.

उत्तर रहेमाननं दिलं, म्हणजे बोलून नाही. तो शेडमध्ये गेला अन् स्क्रू पिळायचा त्याचा हातभर लांब पेचकस घेऊन आला. बेरिंग खराब झालं की इंजिनच्या कोणत्या कोपऱ्यात आवाज आहे हे तो त्यानंच ऐकायचा. टोक लोखंडावर, मूठ कानावर. वणीपर्यंतचे ड्रायव्हर सांगत की रहेमानभाई ट्रक फाटकात वळायच्या आत दुखणं सांगतो. त्यानं पेचकसाचं टोक शेप्याच्या सालीला लावलं, मूठ कानाला, अन् डोळे मिटले.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. "थांबा जरा," तो म्हणाला, जणू ट्रकलाच. पेचकस वीतभर वर सरकवला. मग त्याचा चेहरा असा झाला, जसा नुजहतनं फक्त आमिरच्या जन्माच्या वेळी पाहिला होता.

"चावून राह्यली," तो कुजबुजला. "कुर्र... कुर्र. सुकी बेरिंग असते तशी." त्यानं खिशातून खडू काढून तिथं गोल केला.

इम्तियाजला राहवलं नाही. "दे मले." त्यानं ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग पेचकस परत दिला, शेडमध्ये गेला अन् मोटारसायकलची जुनी क्लचवायर घेऊन आला. आतली तार ओढून काढली, टोकाला पक्कडीनं बारीक आकडा केला. "भोक वाकडं हाय तं तारबी वाकडी पाह्यजे, मावशी. तुमच्या छत्रीचं काम नाही हे."

"शिकवू नको, काढून दाखव."

तार वळत वळत आत गेली. इम्तियाजचं तोंड सायलेन्सरमध्ये हात घातल्यासारखं झालं होतं. त्यानं मनगट फिरवलं, थांबला, ओढलं. आकड्याला बोटाएवढी पांढरी अळी आली, डोकं तेवढं तपकिरी. मेहनाज परातीवर पदर धरून मागे सरकली.

मग कोणाला सांगावं लागलं नाही. रहेमान ऐकायचा अन् खडूचा गोल करायचा. इम्तियाज तार घालायचा. मथुराबाई पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा भोकात दाबायची, आत कोणी चुकून राहिलंच तर कोंडून मरावं म्हणून, अन् नुजहत वरून चिखलानं लिंपायची. करडा मसाला छिन्नीनं काढला; त्याच्याआड दोघी निघाल्या, बाकीच्यांपेक्षा जाड.

"दोन्ही वेळ जेवल्या न बाप्पा," मथुराबाई रहेमानला म्हणाली. या वेळी तोही हसला.

चार वाजता लखीराम आला, मशीन खांद्यावर, बिडी तोंडात. पेट्रोलचा डबा पाहून मथुराबाईनं त्याची बिडी अशी विझवली की बिडी आधी विझली अन् लखीराम मग दचकला. त्याला फांदा मिळाला. कापलेल्या जागेवर नुजहतनं मोरचूद अन् चुन्याचा निळसर लेप दिला. जैनबबीनं लखीरामला बाजेवर बसवून घेतलं होतं.

"सतरा निघाल्या," ती सांगत होती. "एक तं एवढी होती की तारेले आली नाही, तिले चेनकुप्पीनं ओढाव लागलं."

"चौदा, अम्मी," इम्तियाज म्हणाला.

"तू मधात नको बोलू. लखीराम, तू चहा पे."

ऊन कललं तेव्हा आठवलं की मलिदा तसाच राहिला आहे. परात मधोमध आली. कुऱ्हाड शेडच्या भिंतीला टेकून होती. तिच्याकडे सगळ्यांनी एकदा पाहिलं अन् कोणी उठलं नाही.

"मंग यंदा रिवाज नाही का?" मेहनाज म्हणाली. ओशाळून हसली. "खोटा का होईना, लहानपणापासून पाह्यला ना."

जैनबबी मातीकडे पाहत होती. इतकी म्हातारी ती नुजहतला आधी कधी दिसली नव्हती.

नुजहत उठली. रहेमानच्या हातातला पेचकस घेतला, टोक जुन्या घावांच्या खाली सालीला लावलं अन् मूठ कानाशी धरली. आधी आपल्याच रक्ताचा आवाज आला. मग काही नाही. मग दूर, मोठं घर बंद असावं अन् आतल्या खोलीत कोणी सुपारी कातरत असावं, तसं.

"एक राह्यली," ती म्हणाली. "वर हाय. दोन फांदे फुटतात त्या दुबेळक्याच्या जरा खाली."

रहेमाननं तिथं ऐकलं अन् मान हलवली. "मले चुकली होती."

इम्तियाज शिडी घेऊन आला. पंधरावी अळी तारेवर घेऊन खाली उतरला, ती कोंबड्यांना टाकली, हात पुसले. तरी नुजहत खोडापाशीच उभी होती, पेचकस हातात, तोंड घराकडे करून. रिवाजात ती दरसाल झाडाकडे तोंड करून बोलायची.

"नका तोडू जी," ती म्हणाली. "मी जामीन हाय." यंदा फळतेच, असं मात्र म्हणाली नाही.

कोणाच्या हातात कुऱ्हाड नव्हती. तरी सगळे तिला उत्तर द्यायला थांबल्यासारखे थांबले.

"एकाची जामीन कुठं चालते, भाभी," इम्तियाज क्लचवायर गुंडाळत म्हणाला. "दोन लागतात. दुसरा मले लाव. पुढच्या शुक्रवारी शिडी मी धरतो."

त्यानं तार अडकवायला जागा शोधली. सवयीनं हात शेप्याकडे, तिथल्या जुन्या खिळ्याकडे गेला. मग थांबला, खिळ्याकडे नीट पाहिलं, अन् शेडमध्ये पक्कड आणायला गेला.

"गूळ जास्त झाला आज," जैनबबी मलिदा खात म्हणाली. "माह्या आजीच्या हातानं असाच होत असे. एकदा तं एवढा गोड झाला—"

"खा अम्मी," नुजहत म्हणाली, अन् ऐकायला तिच्याजवळ बसली.